पीएस वनचे गेम कॉम्प्युटरवर: सीडी रिप करण्यापासून मेमरी कार्डपर्यंत, नेमक्या क्रमाने

गेम लोड केला तर स्क्रीन काळी. किंवा गेम मस्त चालतोय पण म्युझिक गायब. किंवा दुसरी सीडी लावल्यावर सेव्हच सापडत नाहीये. पीएस वन, म्हणजे सोनीचं पहिलं प्लेस्टेशन, त्याबद्दल हेच तीन प्रश्न फिरून फिरून येतात आणि प्रत्येक वेळी लोक सेटिंगमधे उचकपाचक करत बसतात, ग्राफिक्स बदल, रेंडरर बदल, मग थेट इम्युलेटरच (कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) बदल. खरी गडबड मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेली असते, सीडीवरून फाइल बनवताना (यालाच रिप म्हणतात) नाहीतर बायोस, म्हणजे कन्सोलच्या चिपमधला प्रोग्रॅम, ठेवताना. म्हणून खाली दिलाय त्याच क्रमाने जा, आणि मधे मधे जी तपासणी सांगितलीये ती पास झाल्याशिवाय पुढे सरकू नका.

सगळं डकस्टेशन हा इम्युलेटर आणि विंडोज धरून लिहिलंय. डकस्टेशन लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवरही चालतं, तिथे मेनू थोडे इकडेतिकडे असतील पण क्रम तोच.

## आधी जमवाजमव

एक सीडी ड्राइव्ह लागेल. नव्या लॅपटॉपला तो नसतोच, पण साधा यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर पुरतो. हार्ड डिस्कवर एका सीडीमागे ७०० एमबी मोकळी धरा, चार सीडींचा गेम असेल तर दोन जीबीच्या वर जातं.

कॉम्प्युटर फार दणकट नको. मूळ मशीनचा प्रोसेसर ३३.८६८८ मेगाहर्ट्झ, मेमरी २ एमबी, व्हिडिओ मेमरी १ एमबी, त्यामुळे साधा ऑफिसचा लॅपटॉपही हे ओढतो. प्रोसेसर फार जुना असेल आणि इम्युलेटर उघडतच नसेल तर एसएसई२ अशी वेगळी बिल्ड मिळते ती घ्या, विंडोज पुन्हा टाकायची गरज नाही.

आणि कंट्रोलर. कीबोर्डवर खेळता येतं, पण अॅनालॉग स्टिकवाले गेम त्यावर खेळणं म्हणजे शिक्षा.

कायद्याचं एकदाच सांगतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली, प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती हरवू नये, खराब होऊ नये म्हणून बॅकअप काढायची मुभा आहे. म्हणजे तुमची स्वतःची ओरिजिनल सीडी, तिची तुम्ही काढलेली कॉपी. कुठून तरी उतरवलेली फाइल त्यात बसत नाही. परदेशात राहत असाल तर तिथला नियम वेगळा असू शकतो, तो बघून घ्या.

## टप्पा १: सीडी ओळखा आणि पुसा

सीडी उलटी करून बघा. ओरिजिनल पीएस वनची सीडी खालून काळी असते. चंदेरी, हिरवट किंवा निळसर असेल तर ती कॉपी आहे, आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत ड्रॉवरमधे पडलेल्या सीडी अशाच आहेत. काळ्या रंगाच्या कोऱ्या सीडीवर मारलेल्या कॉप्याही असतात, त्यामुळे वरची छपाई पण बघा. कॉपी सीडी वीसएक वर्षांत खराब झालेली असण्याची शक्यता खूप, शिवाय कॉपी करणाऱ्याने जागा वाचवायला व्हिडिओ किंवा म्युझिक काढून टाकलेलं असू शकतं. त्या सीडीवरून परफेक्ट रिप निघणारच नाही आणि तुम्ही मात्र सेटिंगला दोष देत बसाल.

मग सीडीवरचा नंबर वाचा, तो पुढे तीन ठिकाणी लागणार आहे. एसएलयूएस किंवा एससीयूएस ने सुरू होत असेल तर अमेरिकन. एसएलईएस किंवा एससीईएस असेल तर युरोपियन, म्हणजे पाल (तिकडच्या टीव्हीची पद्धत). एसएलपीएस, एसएलपीएम, एससीपीएस असेल तर जपानी. हा नंबर एका कागदावर सीडीच्या नावासमोर लिहून ठेवा.

पुसताना मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड घ्या आणि मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि लांबलचक भाग एकदम वाचता येत नाही, सरळ आडवा ओरखडा ड्राइव्ह सहसा सांभाळून घेतो.

सावधान: ओरखडे जाण्यासाठी टूथपेस्ट घासायचा सल्ला सगळीकडे मिळतो. पहिल्याच प्रयत्नाला ते करू नका. आधी हळू स्पीडला वाचून बघा, मग दुसऱ्या ड्राइव्हवर बघा, बऱ्याचदा सीडी ठीक असते आणि ड्राइव्ह दमलेला असतो.

## टप्पा २: रिप करा, पण आयएसओ नको

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. सीडी घातली, कुठलंतरी सॉफ्टवेअर उघडलं, आयएसओ बनवली, झालं. नाही झालं.

सीडीच्या एका सेक्टरमधे कच्चा माल २३५२ बाइटचा असतो. आयएसओ त्यातले फक्त २०४८ बाइट उचलते, कारण साध्या डेटा सीडीला तेवढंच लागतं. पण पीएस वनच्या सीडीवर व्हिडिओ आणि बोलण्याचा आवाज वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमधे भरलेला असतो, तिथे कामाचा माल २३२४ बाइटचा आहे. आयएसओ केली की तो कापला जातो. शिवाय वाइपआउट, टूम रेडर, रिज रेसर असल्या गेममधे म्युझिक हे चक्क ऑडिओ सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर असतं आणि आयएसओ मधे दुसरा ट्रॅक ही भानगडच नाही. गेम चालू होतो, मेनू येतो, सगळं छान वाटतं, आणि रेस सुरू झाली की शांतता.

म्हणून फॉरमॅट बिन आणि क्यू. बिन मधे सगळा कच्चा माल, आणि क्यू ही छोटीशी टेक्स्ट फाइल, कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो ते सांगणारी.

विंडोजवर इमगबर्न पुरतं. इन्स्टॉल करताना प्रत्येक पानावरची टिक वाचा आणि नको ती काढा, नेक्स्ट नेक्स्ट करत जाऊ नका. मग असं करा:

१. डिस्कवरून इमेज फाइल बनवा हा पर्याय निवडा.

२. फाइलचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत द्या. मराठी अक्षरं किंवा विचित्र चिन्हं घातली तर पुढे क्यू फाइल वाचताना एखादं टूल अडकतं.

३. रीड स्पीड मॅक्स वरून खाली आणा. वेळ जास्त लागेल, लागू दे.

४. एरर दुर्लक्ष करून पुढे जा असा पर्याय असतो तो बंदच ठेवा. चालू असला की वाचता न आलेल्या जागी काहीबाही भरून फाइल पूर्ण होते, आणि ती तुटकी जागा तुम्हाला गेममधे वीस तास घातल्यावर भेटते.

लिनक्सवाल्यांनी सीडीआरडीएओ हे टूल रॉ मोडमधे वापरा आणि ते बनवतं त्या टॉक फाइलची, म्हणजे ट्रॅकच्या यादीची, क्यू करून घ्या. तिथे एक खास चूक होते. ऑडिओ ट्रॅकमधे म्युझिकऐवजी नुसती खरखर आली तर सीडी खराब नाहीये, ऑडिओचे बाइट उलट क्रमाने लिहिले गेलेत. टॉकची क्यू करतानाच बाइट अदलाबदल करायचा पर्याय आहे, तो लावून परत करा.

## टप्पा ३: फाइल तपासा

फोल्डर उघडा. दोन फाइली दिसायला हव्यात, एक मोठी बिन आणि एक अगदी चिमुकली क्यू. फक्त बिन असेल तर रिप अर्धवट आहे.

क्यू फाइल नोटपॅडमधे उघडा. पहिल्या ओळीत बिनचं नाव अवतरणात लिहिलेलं असतं आणि खाली ट्रॅक ०१ मोड २ आणि २३५२ असं काहीतरी. अवतरणातलं नाव आणि फोल्डरमधल्या बिनचं नाव अक्षर न अक्षर सारखं पाहिजे, स्पेससकट. लोक नंतर बिनचं नाव सुंदर करायला जातात, क्यू मधलं तसंच राहतं, आणि मग गेम उघडतच नाही. नाव बदलायचं तर दोन्हीकडे बदला.

विंडोज फाइलचं शेपूट लपवून ठेवतं. नोटपॅडने सेव्ह करताना क्यूच्या मागे टीएक्सटी चिकटतं आणि तुम्हाला दिसत नाही. एक्सप्लोररच्या व्ह्यू मधे जाऊन फाइल एक्स्टेंशन दाखवा ही टिक आत्ताच करून टाका, पुढे मेमरी कार्ड आणि बायोसच्या वेळी पण तिचा उपयोग आहे.

तपासा: डकस्टेशन बसवल्यावर, म्हणजे टप्पा ५ नंतर, गेमच्या प्रॉपर्टीजमधे जाऊन हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) तपासायची सोय आहे, ती तुमची रिप रीडम्प या सीडींच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रकल्पाच्या यादीशी जुळवून बघते. इथे लोक उगाच घाबरतात. पहिला ट्रॅक, डेटाचा, जुळला पाहिजे. तो जुळला नाही तर परत रिप करा. ऑडिओ ट्रॅक जुळत नसतील आणि पहिला जुळत असेल तर ते बहुतेक ड्राइव्हच्या ऑफसेटमुळे असतं, प्रत्येक ड्राइव्ह ऑडिओ किंचित पुढेमागे वाचायला सुरू करतो, खेळताना त्याने काही फरक पडत नाही.

पाल सीडी असेल तर अजून एक. १९९९ च्या आसपासच्या आणि नंतरच्या काही युरोपियन गेममधे लिबक्रिप्ट नावाचं कॉपी संरक्षण होतं, फायनल फँटसी ९ ची पाल आवृत्ती हे त्यातलंच. त्याची माहिती सबचॅनलमधे, म्हणजे सीडीवर मुख्य डेटाच्या जोडीला असणाऱ्या वेगळ्या भागात, असते आणि ती बिनमधे येतच नाही. अशा गेमला एसबीआय ही छोटी फाइल लागते, तिचं नाव क्यूच्या नावासारखंच ठेवून त्याच फोल्डरमधे टाकायची. ती नसली तर गेम अडकतो किंवा मधेच विचित्र वागतो आणि कुठल्याच सेटिंगने सुटत नाही.

## टप्पा ४: बायोस

बायोस म्हणजे कन्सोलच्या चिपमधला तो प्रोग्रॅम जो सीडी लागायच्या आधी सुरू होतो. त्याच्याशिवाय डकस्टेशन गेम चालवणार नाही. तो कॉपीराइटमधे येतो म्हणून इम्युलेटरसोबत मिळत नाही आणि मिळणारही नाही.

स्वतःच्या कन्सोलमधून काढायचा रस्ता असा. करड्या रंगाच्या मोठ्या पीएस वनला मागे सिरियल पोर्ट आहे. त्याला यूएसबीची सिरियल केबल जोडून, कन्सोलवर युनिरॉम हे होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेला प्रोग्रॅम) चालवून, बीएफसी०००००  या पत्त्यापासून ५,२४,२८८ बाइट कॉम्प्युटरवर ओढून घ्यायचे. कन्सोलला मॉडचिप (कॉपी सीडी चालवू देणारी, नंतर बसवलेली चिप) नसेल तर युनिरॉम सुरू करायला फ्रीपीएसएक्सबूट ही मेमरी कार्डची युक्ती आहे. नंतर आलेल्या छोट्या पांढऱ्या गोलसर मॉडेलला सिरियल पोर्टच नाही, त्यामुळे त्यावर हा रस्ता बंद.

हे जमत नसेल तर ओपनबायोस आहे, पीसीएसएक्स रिडक्स या प्रोजेक्टमधला, पूर्ण मोकळा आणि नव्याने लिहिलेला. बरेच गेम त्यावर चालतात, सगळे चालतील असं नाही.

तपासा: फाइलवर राइट क्लिक करून साइज बघा. बरोबर ५,२४,२८८ बाइट, म्हणजे ५१२ केबी. एकही बाइट कमी जास्त असेल तर काढताना काहीतरी तुटलंय. झिप असेल तर आधी उघडा.

रीजन पण जुळवा. एससीपीएच ५५०१ अमेरिकन, ५५०२ युरोपियन, ५५०० जपानी. टप्पा १ मधे लिहिलेला सीडीचा नंबर आता काढा.

आणि बायोस हा गेम नाही. तो ओपन फाइल करून उघडायचा नसतो, तो बायोस फोल्डरमधे ठेवायचा असतो, बाकीचं इम्युलेटर बघतो.

## टप्पा ५: डकस्टेशन बसवणं

गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या अधिकृत पानावरूनच घ्या, सारख्या नावाच्या साइट बऱ्याच आहेत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

झिप आधी पूर्ण उघडा, झिपच्या आतून डबल क्लिक करून चालवू नका, सेटिंग सेव्ह होत नाहीत. फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समधे पण नको, तिथे विंडोज लिहू देत नाही. डी ड्राइव्हवर साधा फोल्डर करा.

आता त्या फोल्डरमधे पोर्टेबल नावाची एक रिकामी टेक्स्ट फाइल बनवा, नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत. ती असली की बायोस, सेव्ह, मेमरी कार्ड सगळं त्याच फोल्डरमधे राहतं. नाहीतर डेटा विंडोजच्या तुमच्या यूजर फोल्डरमधे कुठेतरी जातो, आणि विंडोज फॉरमॅट केल्यावर लोकांची सेव्ह जाते ती यामुळेच. ही फाइल पहिल्यांदा चालू करायच्या आधीच बनवा.

चालू करा, सुरुवातीचा विझार्ड बायोसचं आणि गेमचं फोल्डर विचारेल. कुठे काय गेलं कळत नसेल तर टूल्स मेनूत डेटा डिरेक्टरी उघडा असं आहे, थेट तिथे नेतं.

## टप्पा ६: पहिला बूट, काहीही न बदलता

हा टप्पा कुणीच पाळत नाही. इन्स्टॉल झालं की लगेच रिझोल्यूशन वाढवलं, वाइडस्क्रीन लावलं, फास्ट बूट लावलं, मग गेम चालला नाही की नेमकं कशामुळे ते कळायला मार्ग नाही. पहिल्यांदा सगळं जसं आहे तसं ठेवा आणि फास्ट बूट बंद आहे ना ते बघा.

फास्ट बूट बंद का? कारण तो गाळतो त्या सुरुवातीच्या दोन स्क्रीन म्हणजे तुमची फुकटची टेस्ट आहे.

आधी सिस्टिम मेनूतून नुसता बायोस सुरू करा. पांढऱ्या स्क्रीनवर केशरी चौकटीचा सोनीचा लोगो आला आणि मग मेमरी कार्ड व सीडी प्लेअरचा मेनू आला, म्हणजे बायोस ठीक. ओपनबायोस वापरत असाल तर हा लोगो दिसणार नाही, ते बरोबरच आहे.

आता गेमची क्यू फाइल उघडा, बिन नाही, क्यू. पांढऱ्यानंतर काळ्या स्क्रीनवर रंगीत पीएस लोगो आला म्हणजे सीडीची फाइल पण वाचली गेली. पांढरी आली पण काळी आली नाही आणि परत मेनूत पडलात किंवा प्लेस्टेशनची सीडी टाका असा मेसेज आला, तर दोष फाइलमधे आहे, टप्पा ३ ला परत जा. पांढरीच आली नाही तर टप्पा ४. दोन्ही आल्या आणि मग गेम अडकला तरच सेटिंग, एसबीआय किंवा खराब रिप याचा विचार करायचा.

दहा मिनिटं खेळा. व्हिडिओ, आवाज, म्युझिक तिन्ही ऐका. आवाज फाटत असेल तर स्क्रीनवर स्पीडचे टक्के दाखवायची सेटिंग लावा. १०० टक्क्यांच्या खाली असेल तर लॅपटॉप चार्जरला लावा आणि पॉवर सेव्हर बंद करा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

पाल गेममधे ५० फ्रेम दिसतील. ते स्लो नाहीये, पाल ५० हर्ट्झच असतं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ते किंचित धक्के खाताना दिसतं, आणि बरेच पाल गेम मुळातच अमेरिकन आवृत्तीपेक्षा संथ होते. तुमच्याकडे एकाच गेमच्या दोन्ही सीडी असतील तर अमेरिकन रिप करा.

## टप्पा ७: कंट्रोलर

कंट्रोलर जोडून ऑटोमॅटिक मॅपिंग करा, नवीन एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशनचे कंट्रोलर लगेच लागतात. जपानी गेममधे ओके म्हणजे गोल आणि रद्द म्हणजे फुली, बटणं उलटी झाली म्हणून मॅपिंग परत करत बसू नका.

ड्युअलशॉक मूळ कंट्रोलरनंतर आला, १९९७ मधे. त्याच्या आधीच्या काही गेमना अॅनालॉग कंट्रोलर कळत नाही, मेनूत काहीच हलत नाही. अशा वेळी अॅनालॉग मोड बंद करा किंवा त्या एका गेमपुरता प्रकार डिजिटल करा. उलट एप एस्केपला अॅनालॉग लागतोच, त्याशिवाय गेम होणार नाही.

मेटल गिअर सॉलिड खेळणाऱ्यांसाठी: सायको मँटिसच्या फाइटमधे कंट्रोलर दुसऱ्या पोर्टला लावायचा असतो. खऱ्या मशीनवर वायर काढून लावायची, इथे पोर्ट २ ला तोच कंट्रोलर मॅप करून ठेवा. हे माहीत नसल्याने लोक तिथे गेम बिघडला समजतात.

## टप्पा ८: मेमरी कार्ड, आणि सेव्ह स्टेट म्हणजे सेव्ह नव्हे

इथे हळू जा, कारण इथली चूक परत दुरुस्त होत नाही.

सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणाला मशीन जसं होतं त्याचा फोटो. सोयीचा आहे, पण तो इम्युलेटरच्या आवृत्तीशी बांधलेला. इम्युलेटर अपडेट केला की जुना स्टेट उघडेल याची खात्री नाही, आणि दुसऱ्या इम्युलेटरमधे तर नाहीच. मेमरी कार्डची फाइल मात्र सगळीकडे चालते, १,३१,०७२ बाइट, १५ ब्लॉक, मूळ कार्डाची हुबेहूब नक्कल. त्यामुळे गेमच्या आतल्या सेव्ह पॉइंटवर नेहमी सेव्ह करा. स्टेट फक्त मधल्या अवघड जागेसाठी ठेवा, आणि अपडेट करण्याआधी तर गेममधूनच सेव्ह करा.

सेव्ह केल्यावर कार्ड सेव्ह झाल्याचा मेसेज स्क्रीनवर येतो. तो येईपर्यंत थांबा, कार्ड हार्ड डिस्कवर लिहिलं जायला काही क्षण लागतात. डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे लाइट जात असेल तर यूपीएसशिवाय लांब बसू नका.

आता कार्डचा प्रकार. डकस्टेशन मुळात प्रत्येक गेमला वेगळं कार्ड देतं. हे चांगलं आहे, १५ ब्लॉक कधी भरत नाहीत आणि एका गेमची गडबड दुसऱ्याला लागत नाही. पण काही गेम दुसऱ्या गेमची सेव्ह शोधतात. सुइकोडेन २ सुरू करताना पहिल्या भागाची सेव्ह घेता येते, ती वेगळ्या कार्डवर असल्यामुळे दिसतच नाही आणि लोक तसाच नवा गेम सुरू करतात, पन्नास तासांनी कळतं. मँटिस तुमच्या कार्डवरचे कोनामीचे बाकीचे गेम वाचून बोलतो, तो पण वेगळ्या कार्डमुळे गप्प बसतो. उपाय सोपा आहे. टूल्समधे मेमरी कार्ड एडिटर आहे, त्यात एका बाजूला जुन्या गेमचं कार्ड आणि दुसऱ्या बाजूला नव्याचं उघडून सेव्ह कॉपी करा. गेम सुरू करायच्या आधी करा, चालू असताना नको.

फाइलच्या नावावरून कार्ड असा एक पर्याय पण आहे. तो निवडलात आणि नंतर फाइलचं नाव बदललंत तर कार्ड कोरं दिसेल. जुनं कार्ड फोल्डरमधे तसंच पडलेलं असतं, नाव जुळवलं की परत येतं, त्यामुळे घाबरून नवीन गेम सुरू करू नका.

खऱ्या कार्डवरची जुनी सेव्ह आणायची असेल तर पीएस थ्री साठी आलेला यूएसबी मेमरी कार्ड अडॅप्टर किंवा आर्डुइनो हा छोटा सर्किट बोर्ड वापरून, मेमकार्डरेक्स या प्रोग्रॅमने ती वाचता येते. हे लवकर करा, जुने कार्ड अचानक बंद पडतात, आणि त्यातली सेव्ह सीडीसारखी परत रिप करता येत नाही.

## टप्पा ९: ग्राफिक्स, एका वेळी एकच बदल

१. आतलं रिझोल्यूशन. ७२० साठी ३ पट, १०८० साठी ५ पट, फोर केसाठी ९ पट. त्याच्यावर नेऊन उपयोग नाही.

२. पीजीएक्सपी. पीएस वनमधे भिंती आणि जमिनी थरथरतात, कारण मशीन पिक्सेलच्या आतले अपूर्णांक ठेवतच नाही आणि टेक्स्चर लांबी-खोली न बघता ताणतं. पीजीएक्सपी हे दोन्ही सुधारतं. थ्रीडी गेमला लावा. लावल्यावर भिंतींमधे फटी दिसल्या किंवा गेम बंद पडला तर त्या गेमपुरता काढा.

३. वाइडस्क्रीन. जपून. बऱ्याच गेममधे मूळ चौकटीबाहेरची वस्तू काढलीच जात नाही, त्यामुळे कडेला झाडं-माणसं एकदम उगवतात आणि गायब होतात.

फायनल फँटसी ७ किंवा रेसिडेंट ईव्हिलसारख्या गेममधे मागचं चित्र आधीच काढलेलं असतं, ते रिझोल्यूशनने तीक्ष्ण होत नाही, फक्त माणसं तीक्ष्ण होतात आणि दोघांचा मेळ जातो. तिथे मी २ पटीवरच थांबतो. निव्वळ टूडी गेमला तर १ पटच चांगलं दिसतं, आणि टेक्स्चर फिल्टर लावलात तर कडांना घाणेरडी रेघ येते.

सावधान: सीडी रीडचा स्पीड वाढवणं आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक हे दोन पर्याय सगळ्या गेमसाठी कधीच लावू नका. लावायचेच तर गेमच्या प्रॉपर्टीजमधून, त्या एकासाठी. काही गेम नेमक्या वेळेवर सीडीतून माल यायची वाट बघतात, लवकर आला की आवाज आणि व्हिडिओ सुटतात.

## टप्पा १०: दोन-तीन-चार सीडींचे गेम

सगळ्या सीडी वेगळ्या रिप करा, नावं सारखी ठेवून शेवटी डिस्क १, डिस्क २ असं लिहा. मग नोटपॅडमधे एम३यू फाइल बनवा, प्रत्येक ओळीत एका सीडीच्या क्यूचं पूर्ण नाव, क्रमाने, आणि ती त्याच फोल्डरमधे ठेवा. गेम आता त्या एम३यू वरून उघडायचा.

पुढची सीडी मागितली की गेम बंद करू नका. सिस्टिम मेनूतून चेंज डिस्क करा. बंद करून दुसरी सीडी नव्याने उघडलीत तर शेवटच्या सेव्हनंतर खेळलेलं सगळं जाईल.

तपासा: जास्त सीडींच्या गेमला एकच कार्ड वापरा अशी सेटिंग मेमरी कार्डमधे आहे, ती चालू पाहिजे. सुरुवातीलाच बघा, तिसऱ्या सीडीवर गेल्यावर नाही.

## टप्पा ११: सीएचडी आणि बॅकअप, सगळ्यात शेवटी

बिन-क्यू जागा खातात. सीएचडी केली की गेम एका फाइलमधे येतो, काहीही न गमावता लहान होतो, आणि लागला तर परत बिन-क्यू काढता येतात. मेम या आर्केड गेमच्या इम्युलेटरसोबत येणारं सीएचडीमॅन हे टूल त्यासाठी आहे, आदेश क्रिएटसीडी. इनपुट म्हणून क्यू द्या, बिन दिलीत तर ट्रॅकची माहिती जाते. एसबीआय असेल तर तिचं नाव नव्या सीएचडीसारखं करा आणि एम३यू मधली नावं पण बदला.

हे शेवटी का, तर खराब रिपची सीएचडी केली तर खराबीच नीट पॅक होते. टप्पा ३ आणि ६ पास झालेले गेमच बदला आणि बदलल्यावर सीएचडीमॅनचा व्हेरिफाय आदेश चालवा.

बॅकअपला चार गोष्टी: सीएचडी फाइली एसबीआय-एम३यूसकट, बायोस फोल्डर, मेमरी कार्डचं फोल्डर, आणि सेटिंगची फाइल. कार्डचं फोल्डर छोटंसं असतं, ते दर आठवड्याला पेनड्राइव्हवर टाका. मग तो बॅकअप दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर उघडून एक गेम सुरू करा आणि जुनी सेव्ह लोड करून बघा. ती लोड झाली की मूळ बिन-क्यू डिलीट केल्या तरी चालतील, सीडी मात्र जपून ठेवा.